दार लावून घेतल्यावर

पावसाळा सरत आला होता. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्यातल्या एका माउलीने मला आवारात थांबवले. तिचा मुलगा परदेशात डॉक्टरकी शिकतो. तिथे आंदोलन पेटले, कॉलेज बंद पडले आणि मुलगा सुखरूप घरी परतला, म्हणून घरच्यांनी त्या दिवशी आभाराची मिस्सा ठेवली होती. सगळे जण तिचा हात हातात घेऊन आनंद व्यक्त करत होते. गर्दी ओसरल्यावर ती म्हणाली, "सर, पोरगा आला खरा, पण बोलत नाही बघा कोणाशी. तुम्ही त्याला शिकवलंय. जरा विचारून बघा."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, आई आत गेली, आणि बऱ्याच वेळाने तो बोलला. त्यांच्या वसतिगृहात साठ-सत्तर मुले होती. 'बाहेर पडू नका, खिडकीत उभे राहू नका,' असा आपल्या दूतावासाचा निरोप आला होता. वॉर्डनने खालच्या लोखंडी गेटला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली होती. एका दुपारी समोरच्या रस्त्यावरून जमाव पळत आला, मागून पोलीस आले, अश्रुधुराची नळकांडी फुटली. तेवढ्यात गेटवर कोणीतरी हात आपटू लागले. "तिथल्या भाषेत 'भाऊ, भाऊ' म्हणत होता, सर. आम्ही जिन्यात बसलो होतो. कोणी उठलं नाही. तीन-चार मिनिटं झाली आणि आवाज थांबला. संध्याकाळी पाहिलं तर गेटपाशी एक चप्पल होती आणि फरशीवर रक्त. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला गाडीत बसवून सीमेवर आणलं."

मग त्याने विचारले, "सर, आम्ही चुकलो का?"

देशाचे आणि मुलाचे नाव मी लिहिणार नाही, तसे त्याला वचन दिले आहे. बाकीचे लिहायला त्याची हरकत नाही. त्या संध्याकाळी मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन विचार करत गेलो, तो विचार आज आपल्यापुढे ठेवतो.

परदेश ही एके काळी आपल्या भागातल्या माणसाला फार लांबची गोष्ट होती. हिंगोली, वसमत, कळमनुरीचा माणूस लांब गेला म्हणजे उसाच्या फडावर, फार तर पुण्या-मुंबईच्या कारखान्यात. आता एखादी मुलगी परिचारिका म्हणून आखातात असते, एखादा मुलगा बांगलादेशात नाहीतर किर्गिझस्तानात शिकतो, आणि निवृत्त झालेली जोडपी टूरच्या गाडीने काठमांडूला जाऊन येतात. त्यामुळे दूरच्या राजधानीत दगड पडला की इथल्या एखाद्या घरातली रात्र जागून निघते. १८ जुलै २०२४ च्या रात्री बांगलादेशात इंटरनेट बंद झाले आणि दुसऱ्या दिवशी संचारबंदी लागली. तिथे शिकणाऱ्या भारतीय मुलांच्या आईबापांनी ते दिवस कसे काढले असतील ते त्यांनाच ठाऊक. चार हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी त्या दिवसांत आगरतळ्याजवळच्या आखौरा, मेघालयातील डावकी अशा सीमानाक्यांवरून आणि विमानाने परतले. त्यांतल्या कोणाचाही तिथल्या सरकारी नोकऱ्यांच्या कोट्याशी संबंध नव्हता.

नेपाळचे तर ताजेच आहे. ४ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सरकारने फेसबुक, व्हॉट्सअॅप, यूट्यूबसह २६ समाजमाध्यमे बंद करण्याचा हुकूम काढला. तरुणांच्या मनात भ्रष्टाचाराबद्दलचा राग आधीच साचला होता. ८ तारखेला ते रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि एका दिवसात १९ जण गेले. ९ तारखेला पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. संसद, सिंहदरबार आणि सर्वोच्च न्यायालय पेटले, विमानतळ बंद झाला. पुढे मृतांचा आकडा सत्तरच्या वर गेला. त्या दोन दिवसांत महाराष्ट्रातले शंभराहून अधिक पर्यटक तिथे अडकून पडले होते. उत्तर भारतातले एक दाम्पत्य पशुपतिनाथाच्या दर्शनाला गेले होते. ते उतरले होते त्या हॉटेलला जमावाने आग लावली. वरच्या मजल्यावरून खाली उतरताना पत्नी पडली आणि गेली. ती बाई तिथे ना कोणाच्या बाजूने आली होती, ना कोणाच्या विरोधात. तिला बहुधा त्या मंत्र्यांची नावेही ठाऊक नसतील.

पेटलेल्या जमावाला यजमान कोण आणि पाहुणा कोण हे दिसत नाही. आणि पाहुण्यालाही जमाव वाचता येत नाही. ही दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यात एसटीच्या किती तरी फेऱ्या बंद पडल्या, बीडला संचारबंदी लागली. ते दिवस आपण सर्वांनी पाहिले. आपण गडबडलो का? फारसे नाही. कोणत्या फाट्यावर रास्ता रोको असेल, कोणत्या गावातून आडवाटेने निघता येईल, टायर जाळणाऱ्यांत कोण आपला विद्यार्थी आहे आणि कोणाला हात जोडून "बाबा, दवाखान्यात जायचंय, जाऊ दे" म्हणता येईल, हे आपल्याला कळते. घोषणेच्या सुरावरून गर्दी आता पांगणार की पेटणार हेही गावातला जुना माणूस सांगतो. हे ज्ञान पुस्तकातले नाही. त्या मातीत वाढल्याखेरीज ते येत नाही, आणि पासपोर्टबरोबर ते मिळत नाही. परमुलखात आपण याबाबतीत निरक्षर असतो. तिथली घोषणा ऐकू येते, पण ती लग्नाच्या वरातीतली आहे की मारायला निघालेल्यांची, हे समजत नाही.

म्हणून दूतावास जे सांगतो ते ऐकावे. गर्दीपासून दूर राहा, घरात थांबा, पासपोर्ट आणि त्याची एक प्रत जवळ ठेवा, चार दिवस पुरेल इतके पाणी, कोरडे खाणे आणि रोख पैसे ठेवा, कारण नेट बंद झाले की मोबाइलमधले पैसे मोबाइलमध्येच राहतात. दूतावासाचा नंबर फोनमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कागदावर लिहून खिशात ठेवा. परदेशात शिकणाऱ्या मुलांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या पोर्टलवर नाव नोंदवता येते. आपल्यातल्या ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांनी ती नोंद झाली आहे ना, हे आजच विचारावे. घरात बसणे म्हणजे हमखास बचाव, असेही नाही. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांविरुद्ध जमाव उसळला तेव्हा तो वसतिगृहांतच शिरला होता. तरीही रस्त्यापेक्षा खोली बरी.

आणि तो मोबाइल वर धरून गच्चीवर चढणे! जक्कय झाडावर चढला तो प्रभूला पाहायला. आपली मुले गच्चीवर चढतात ती पोलीस आणि जमाव यांची झटापट चित्रित करून मित्रांना पाठवायला. यात धैर्य नाही आणि सहानुभूती तर मुळीच नाही. दुसऱ्याच्या घराला आग लागलेली असताना आपण तिचा तमाशा करतो. शिवाय खालच्या माणसाला वरच्या हातात काय आहे ते दिसत नाही. दोन्ही बाजूंना एवढेच दिसते की कोणीतरी आपल्याला टिपतो आहे.

इथपर्यंत बहुतेकांना पटेल. अडचण यापुढे सुरू होते. आपल्या युवकांच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एका मुलीने सरळ विचारले, "सर, तिथल्या सरकारने मुलांवर गोळ्या झाडल्या आणि आपण 'आमचं काय जातं' म्हणून पडदे ओढून बसायचं, हा भित्रेपणा नाही का? इथे तुम्हीच आम्हाला अन्यायाविरुद्ध बोला म्हणून शिकवता." प्रश्न योग्य आहे, आणि 'सुरक्षिततेच्या सूचना पाळा' हे त्याचे उत्तर होत नाही.

मला असे वाटते की स्वतःच्या देशात जो माझा हक्क आणि काही वेळा कर्तव्य असते, तेच दुसऱ्याच्या देशात माझे आगंतुकपण होऊ शकते. कारण परिणाम कोण भोगणार, हा प्रश्न आहे. मी घोषणा देईन, चार दिवसांनी विमानात बसून हिंगोलीला येईन आणि इथे माझा सत्कारही होईल. माझ्या शेजारी उभा असलेला तिथला मुलगा मात्र तिथेच राहणार, तुरुंगात किंवा तुरुंगाबाहेर. उलट, 'यामागे परकीयांचा हात आहे' असे म्हणायला सरकारला माझा फोटो सापडणार. ज्याच्यासाठी उभे राहायचे त्याचेच नुकसान करणारी ही मदत.

दुसरे, परक्या देशात मी एकटा नसतो. संयुक्त अरब अमिरातीत जुलै २०२४ मध्ये काही बांगलादेशी कामगारांनी स्वतःच्या देशातल्या सरकारविरुद्ध निदर्शने केली. अमिरातीविरुद्ध एक शब्द नव्हता. तरी ५७ जणांना शिक्षा झाल्या. तिघांना जन्मठेप, त्रेपन्न जणांना दहा वर्षे, एकाला अकरा. सप्टेंबरमध्ये त्यांना माफी मिळाली, ते परतले. ती माफी मिळाली नसती तर? त्या माणसांचे धैर्य मी नाकारत नाही, त्यांचा राग तर मला समजतो. तिथला कायदा मला न्याय्यही वाटत नाही. पण त्यांच्या पगारावर जगणारी घरे, त्यांच्या खोलीत राहणारे आणि निदर्शनाला न गेलेले सोबती, त्यांना कोणी विचारले होते? धैर्य स्वतःच्या खिशातून खर्च करावे. दुसऱ्याच्या खिशातले खर्च करताना निदान त्याला विचारावे.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे. माणूस पाहुणा किती दिवस असतो? आपल्याच जिल्ह्यातल्या नरसीचे संत नामदेव पंजाबात घुमानला जाऊन राहिले, असे परंपरा सांगते. त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्या मुलखाने त्यांना परके मानले नाही, आणि त्यांनीही त्या मुलखाला. वीस वर्षे एखाद्या देशात राहून, तिथे मुलेबाळे वाढवून 'हे तुमचे भांडण' म्हणता येईल का? मला नाही वाटत. उलट सहा महिन्यांच्या मुक्कामात 'हे आमचे भांडण' म्हणणेही उतावळेपणाचेच.

अल्जीरियातल्या तिभिरीन मठातल्या संन्याशांची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. ते फ्रान्सचे होते, म्हणजे ज्या देशाने अल्जीरियावर राज्य केले त्याच देशाचे. नव्वदीच्या दशकात तिथे सरकार आणि सशस्त्र गट यांच्यात भीषण रक्तपात सुरू झाला आणि परदेशी माणसांना 'निघून जा' अशा धमक्या आल्या. १९९३ च्या नाताळाच्या आदल्या रात्री बंदूकधारी मठात आले. त्यांना डॉक्टर आणि औषधे हवी होती. मठाधिपती ख्रिस्तियान द शेर्जे यांनी सांगितले की शस्त्र घेऊन इथे येता येणार नाही, डॉक्टर तुमच्याबरोबर जाणार नाही, पण आजारी माणूस दवाखान्यात आला तर त्याच्यावर उपचार होतील. ब्रदर ल्युक तिथे अनेक वर्षे गावकऱ्यांना औषध देत होते. 'तू कोणाचा' हे ते विचारत नसत. पुढे सर्वांनी मिळून विचार केला, जावे की राहावे. ते राहिले. मार्च १९९६ मध्ये सात जणांना पळवून नेले, मे महिन्यात त्यांच्या मृत्यूची बातमी आली. ८ डिसेंबर २०१८ रोजी ओरान येथे त्यांना आणि अल्जीरियात मारल्या गेलेल्या इतर बारा जणांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

त्यांच्याकडे पाहून 'बघा, खरे ख्रिस्ती घाबरत नाहीत' असे म्हणण्याचा मोह होतो. पण नीट पाहिले तर ते मोर्चात गेले नव्हते. त्यांनी कोणाच्या घोषणा दिल्या नाहीत. राहण्याचा निर्णय त्यांनी सर्वांनी मिळून घेतला, एकाने दुसऱ्यावर लादला नाही. आणि ते ज्यांच्यात राहत होते त्या शेजाऱ्यांना ते राहायला हवे होते. बाजू घ्यायला नव्हे, शेजार सोडवेना म्हणून ते राहिले. वसतिगृहातल्या वीस वर्षांच्या मुलाकडून याची अपेक्षा करणे मला निर्दयपणाचे वाटते.

त्या मुलाला मी दुसऱ्या भेटीत प्रेषितांच्या कृत्यांतला एकोणिसावा अध्याय वाचायला दिला. परक्या शहरात आंदोलन पेटले तर काय करावे, याचे इतके जिवंत वर्णन दुसरीकडे सापडणे कठीण. इफिस शहरात देमेत्रिय नावाचा सोनार होता. अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे घडवून त्याचा आणि त्याच्या कारागिरांचा धंदा चाले. पौलाच्या शिकवणीने धंदा बसणार, या भीतीने त्याने कारागिरांना भडकवले. पोटाचा प्रश्न देवीच्या अभिमानाचा झाला आणि सारे शहर नाट्यगृहाकडे धावले. लोकांनी पौलाचे मासेदोनियाहून आलेले सोबती गायस आणि अरिस्तार्ख यांना ओढत नेले. परदेशी चेहरा हाती लागला, तो पुरे झाला. पुढे ग्रंथकर्ता एक गोष्ट नोंदवतो, ती प्रत्येक मोर्चाच्या वेळी आठवावी: जमलेल्यांतल्या बहुतेकांना आपण कशासाठी जमलो आहोत हेच ठाऊक नव्हते. तरी दोन तास ते ओरडत राहिले.

आता पौलाचे पाहा. त्याचे सोबती आत आहेत, म्हणून तो गर्दीत शिरायला निघाला. शिष्यांनी त्याला जाऊ दिले नाही. त्या प्रांताचे काही अधिकारी त्याच्या ओळखीचे होते, त्यांनीही निरोप पाठवून विनवले की नाट्यगृहात येऊ नकोस. आणि पौल गेला नाही. लुस्त्रात ज्याला दगडमार करून मेला म्हणून गावाबाहेर टाकले, फिलिप्पैत ज्याने फटके खाल्ले आणि खोड्यात पाय अडकवून घेतले, तो हा माणूस. त्याला भित्रा कोण म्हणेल? पण इथे त्याने ऐकले. कोणाचे? आपल्या माणसांचे तर खरेच, पण त्याच्या धर्माचे नसलेल्या स्थानिक अधिकाऱ्यांचेही. ज्यांना त्या शहराची नाडी माहीत होती त्यांचा शब्द त्याने स्वतःच्या उमाळ्यापेक्षा वर ठेवला. शेवटी गर्दी शांत केली ती नगराच्या चिटणिसाने, त्याच शहरातल्या माणसाने. पौल आत गेला असता तर चिटणिसाला बोलायला जागाच उरली नसती. गायस आणि अरिस्तार्ख यांची सुटका पौलाच्या धाडसापेक्षा त्याच्या न जाण्याने अधिक सोपी झाली असावी, असे मला वाटते. हे माझे मत, ग्रंथात तसे लिहिलेले नाही.

मुलाने अध्याय वाचला. दोन दिवसांनी म्हणाला, "सर, पौल गर्दीत गेला नाही हे ठीक. पण आमच्या दारावर गर्दी नव्हती. एकच माणूस होता."

त्याच्या या वाक्यापाशी माझा सगळा युक्तिवाद थांबला. कारण ते खरे आहे. यरुशलेमेहून यरिहोकडे जाणाऱ्या वाटेवर जो याजक आणि जो लेवी पडलेल्या माणसाला पाहून दुसऱ्या कडेने निघून गेले, त्यांच्याबद्दल आपण लहानपणापासून नाक मुरडतो. पण तो रस्ता लुटारूंचा होता. थांबू नका, पडलेला माणूस हाही लुटारूंचा डाव असू शकतो, असा सल्ला त्या काळच्या दूतावासानेही दिला असता. त्या दोघांनी सुरक्षिततेचे नियम पाळले. शोमरोनी माणसाने मोडले. आणि तो तर त्या मुलखात परका होता!

मग गर्दी आणि पडलेला माणूस यांत फरक करायला शिकले पाहिजे. गर्दीपासून दूर राहणे, हे सूज्ञपणाचे काम. तिथे माझी गरजही नाही आणि मला तिथले कळतही नाही. पण दाराशी आलेला एकटा माणूस कोणत्या पक्षाचा हे कळायची गरज नसते. तो आंदोलक असो की पोलीस. पैनगंगेकाठच्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या जाचाने निजामाच्या राज्यातली कुटुंबे नदी ओलांडून वऱ्हाडात गेली. तेव्हा ती नदी म्हणजे सरहद्द होती, पलीकडे दुसऱ्याचे राज्य. तिकडच्या ज्या घराने पडवी रिकामी करून दिली असेल, त्या घराला उद्या आपल्यावर काय येईल हे माहीत नव्हते.

तरीसुद्धा, त्या मुलाला 'तू दार उघडायला हवे होते' असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. किल्ली त्याच्याकडे नव्हती. दारामागे साठ-सत्तर मुले होती, त्यांत मुली होत्या. उघडले असते आणि त्या एकामागून पन्नास शिरले असते तर? दुसऱ्यांचा जीव पणाला लावून दयाळू होणे हाही एक प्रश्न आहेच. मी वर खिशाचे बोललो, ते इथेही लागू होते, आणि नको तिथे लागू होते आहे याचा मला त्रास होतो. ज्या क्षणी घाम फुटलेला असतो आणि डोळे अश्रुधुराने चुरचुरत असतात, त्या क्षणाचा हिशेब इथे पंख्याखाली बसून करू नये.

मी त्याला एवढेच विचारले, "दुसऱ्या दिवशी कोणाला विचारलंस का, तो कोण होता म्हणून?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "नाही. कोणीच विचारलं नाही. आम्ही त्यावर बोललोच नाही."

मला वाटते, त्याला झोप न येण्याचे कारण दार नव्हते, हे होते. जिवाच्या भीतीने लावलेले दार समजण्यासारखे आहे. पण भीती ओसरल्यावरही ते मनात लावलेलेच राहते, तिथे आपली जबाबदारी सुरू होते. चप्पल दिसली, रक्त दिसले, वॉचमन तिथेच उभा होता. एक प्रश्न विचारायला कोणत्याही दूतावासाची मनाई नव्हती.

आपण मात्र हे सगळे 'परदेशात' म्हणून बोलतो आहोत. आपल्याकडेही परके येतात. हळदीच्या काढणीला आणि शिजवणीला बाहेरगावचे मजूर येतात, उन्हाळ्यात उत्तरेकडचे कुल्फीवाले येतात, पालावरची माणसे येतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. महाराष्ट्रातच होते, मराठीच बोलत होते, आणि तरी परमुलखात होते. त्यांनी घरात राहावे म्हटले तर घर नव्हते, आणि त्यांच्यासाठी संदेश पाठवणारा दूतावासही नव्हता. पुढच्या वेळी आपल्या चौकात काही पेटले, तर त्या कुल्फीवाल्याने कोणाच्या दारावर हात आपटायचा, याचे उत्तर आपल्या आळीत कोणाकडे आहे का? आपल्या चर्चच्या आवाराचे फाटक रात्री किती वाजता बंद होते आणि किल्ली कोणाकडे असते, हे मी परवा फादरांना विचारले. ती कोणाकडे असते हे आता चार जणांना माहीत आहे. आधी एकालाच होते.

मुलगा कॉलेजात परत गेला. तिथले वातावरण निवळले आहे. जाण्यापूर्वी मी त्याला काही सांगितले नव्हते. गेल्या रविवारी आईने मला पुन्हा थांबवले आणि त्याचा निरोप दिला. पोहोचल्याच्या दिवशी त्याने वॉचमनला गाठले आणि विचारले, त्या दुपारी गेटपाशी जो पडला होता तो कोण, त्याचे पुढे काय झाले.

वॉचमन म्हणाला, "त्या दुपारी इथे तिघे पडले होते. तू कोणाचं विचारतोस?"